गायतोंडे यांचें वस्तुनिरपेक्ष चित्रविश्व

चित्रापुढें उभें राहतांच 'हें कशाचें?' असें प्रेक्षक सहज विचारतो. वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांस हा प्रश्नच लागू पडत नाहीं. १९२४ सालीं नागपुरास जन्मलेले व मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकलेले हे चित्रकार आपल्या कृतींस 'अमूर्त' न म्हणतां 'वस्तुनिरपेक्ष' म्हणत. रोलरनें रंगाचे थर चढवावे, सुरीनें ते खरवडावे, मध्यंतरीं दीर्घ काळ नुसतें पाहत बसावें, अशी त्यांची रीत. म्हणून वर्षाकाठीं चित्रें मोजकींच होत.

१९६४ सालीं ते रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्क येथें गेले. पुढें ५० वर्षांनीं, २०१४ च्या ऑक्टोबरांत, त्याच शहरांतील गुगेनहाइम संग्रहालयानें त्यांच्या ४५ कृती ठिकठिकाणांहून जमवून त्यांच्या जीवनकार्याचें पहिलें समग्र प्रदर्शन मांडलें. योगायोग असा कीं, १९३९ सालीं हें संग्रहालय उघडलें तें 'वस्तुनिरपेक्ष चित्रांचें संग्रहालय' या नांवानेंच! चित्रकारानें ज्या शब्दाचा आग्रह धरला, तोच त्या संस्थेच्या मुळाशीं होता.

हा सन्मान पाहावयास गायतोंडे मात्र नव्हते. २००१ सालींच त्यांचें निधन झालें होतें. मायदेशांतील संग्रहालयांकडून जें त्यांच्या हयातींत घडलें नाहीं, तें परदेशानें केलें, ही गोष्ट अभिमानाबरोबर थोडी खंतहि देऊन जाते.