खिशांतील पिस्तूल

दसऱ्याच्या दिवशीं घरांतलीं शस्त्रें बाहेर काढावयाचीं, पाटावर मांडावयाचीं आणि त्यांना झेंडूचीं फुलें वाहावयाचीं, ही आपली जुनी चाल आहे. शस्त्र हें पूर्वीं दिसावें म्हणूनच बाळगीत असत. कमरेची तलवार पाहून समोरचा मनुष्य बेतानें बोले आणि भिंतीवरची ढाल पाहून पाहुणा घराची योग्यता ओळखी. शस्त्राचें निम्में काम त्याच्या दर्शनानेंच होऊन जाई. आज मी ज्या शस्त्राचा इतिहास सांगणार आहें, त्याचा गुण नेमका याच्या उलट आहे. तें दिसूं नये याचसाठीं तें घडविलेलें असतें. कोटाच्या खिशांत किंवा स्त्रीच्या हातपिशवींत मावणारें लहानसें पिस्तूल, हा आजचा विषय.

लपविलेलें शस्त्र आपणांस अगदींच अपरिचित नाहीं. १६५९ सालीं प्रतापगडाच्या पायथ्याशीं झालेली भेट मराठी घरांतल्या प्रत्येक मुलास ठाऊक असते. अंगरख्याखालीं चिलखत होतें, मुठींत वाघनखें होतीं, आणि खानापाशींही कट्यार होतीच. परंतु तेथें दोघांना एकमेकांच्या मिठींत यावें लागलें. पात्याची सत्ता हाताच्या लांबीपुरतीच चालते. बंदुकीची सत्ता दूर चाले, पण ती लपवितां येत नसे. पल्ला आणि गुप्तता या दोन गोष्टी प्रथम एकत्र केव्हां आल्या, तेथपासून आपली कथा सुरू होते.

तोड्याच्या बंदुकीला जळता तोडा लागे. तो सारखा धुमसत असे, त्याचा निखारा अंधारांत दिसे आणि वास वाऱ्यावर पसरे. असली बंदूक कपड्यांत लपविणें म्हणजे कपड्यांनाच आग लावून घेणें होय. सोळाव्या शतकाच्या आरंभीं यूरोपांत चक्राची कळ निघाली. किल्लीनें ताणून ठेवलेलें पोलादी चक्र चाप ओढतांच गरकन् फिरे, त्यावर घासणाऱ्या दगडांतून ठिणग्या उडत आणि रंजकीस पेट लागे. आतां पिस्तूल घरींच भरून झग्याखालीं खुशाल ठेवून देतां येऊं लागलें. सम्राट पहिला मॅक्सिमिलियन यानें हा धोका तत्काळ ओळखला व १५१७ आणि १५१८ सालीं अशा स्वयंप्रज्वलित बंदुकांवर बंदी घातली. इंग्लंडांत पहिल्या जेम्स राजानें १६१३ सालीं खिशांत मावणाऱ्या पिस्तुलांविरुद्ध जाहीरनामा काढला. खिशांतलें पिस्तूल आणि त्यावरचा निर्बंध हीं जवळजवळ जुळीं भावंडें आहेत.

निर्बंधानें वस्तु नाहींशी झाली नाहीं. १० जुलै १५८४ रोजीं हॉलंडमधील डेल्फ्ट गांवीं ऑरेंजचा राजपुत्र विल्यम भोजन आटोपून बाहेर आला. जिन्यापाशीं बाल्थाझार जेरार नांवाचा एक गरीब दिसणारा अर्जदार उभा होता. त्याच्या फाटक्या वेषाची कींव येऊन राजपुत्राकडूनच त्यास थोडे पैसे देण्यांत आले होते, आणि त्याच पैशांनीं त्यानें पिस्तुलें विकत घेतलीं, असें इतिहासकार लिहितात. झग्याखालचें पिस्तूल बाहेर निघेपर्यंत कोणास संशयही आला नाहीं. त्या गोळ्यांच्या खुणा डेल्फ्टच्या भिंतींत आजही दाखवितात.

पुढें चक्राच्या जागीं गारेची चकमक आली. पुढें अलेक्झांडर फोर्साइथ या स्कॉटलंडमधील धर्मोपदेशकानें आघातानें पेटणारी दारू बंदुकीस लावली आणि १८०७ सालीं त्याचें पेटंट घेतलें. त्या शोधांतून टोपीची बंदूक जन्मास आली. पावसाची भीति गेली, घोड्याची रचना साधी झाली, आणि पिस्तूल तळहाताएवढें करणें शक्य झालें.

येथपासून पिस्तूल निवडणाऱ्या गिऱ्हाइकाचा खरा पेंच सुरू होतो. त्याच्या मागण्या परस्परविरोधी असतात. शस्त्र लहान हवें, पण त्याचा बार जोरकस हवा. तें चटकन् हातांत यावें, पण खिशांत आपोआप उडूं नये. अंगावर आहे याची आठवणही होऊं नये, पण वेळेस दगा देऊं नये. या मागण्यांची तडजोड करतां करतांच कारागिरांच्या चार पिढ्या खपल्या.

फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजरनें केलेली तडजोड अशी होती: गोळी मोठी, नळी आंखूड, आणि बार एकच. एक बार फुकट गेला तर दुसरा हाताशीं असावा म्हणून हीं पिस्तुलें बहुधा जोडीनें विकलीं जात. कॅलिफोर्नियांत सोन्याच्या लोभानें माणसें लोटलीं तेव्हां तेथें यांना मोठी मागणी आली. नकला करणाऱ्यांनीं तर त्याचें नांवही चोरलें. डेरिंजर कोर्टांत गेला, १८६५ सालीं खटला जिंकला, पण त्याच्या नांवाचें सामान्यनाम व्हावयाचें तें झालेंच. इंग्रजी कोशांत एक जादा 'र' घेऊन तें नांव आज कोणत्याही चिमुकल्या पिस्तुलास लावतात.

त्याच १८६५ सालीं, १४ एप्रिलच्या रात्रीं, वॉशिंग्टनच्या फोर्ड नाटकगृहांत जॉन विल्क्स बूथ अध्यक्ष लिंकन यांच्या मागें जाऊन उभा राहिला. त्याच्या हातांत डेरिंजरचें एकबारी पिस्तूल होतें. तो बार झाल्यावर शस्त्र निरुपयोगी झालें, आणि अंगावर धांवून आलेल्या मेजर रॅथबोनवर बूथला सुरा चालवावा लागला. एकाच बाराची ही अडचण कारागिरांस ठाऊक होतीच. सॅम्युअल कोल्टच्या १८४९ सालच्या खिशांतल्या रिव्हॉल्व्हरला पांच किंवा सहा बार होते व त्याचे तीन लाखांहून अधिक नग खपले. स्मिथ आणि वेसन यांनीं १८५७ सालीं धातूच्या काडतुसांचें सात बारांचें चिमुकलें रिव्हॉल्व्हर काढलें. बार वाढले, पण गोळी बारीक झाली. एका बाजूनें मिळविलें तें दुसऱ्या बाजूनें गमावलें.

दुसरी अडचण घोड्याची. उंच घोडा खिशाच्या अस्तरांत अडके. शिवाय धक्का लागून बार उडण्याचें भय असे. स्मिथ आणि वेसन यांनीं १८८७ सालीं घोडा आंत झांकलेलें आणि मूठ घट्ट आवळल्याखेरीज न उडणारें रिव्हॉल्व्हर काढलें. एका लहान मुलाच्या हातून घडलेल्या अपघाताची वार्ता ऐकून वृद्ध वेसननें ही युक्ति योजली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, तिच्यांतलें भय मात्र खरें आहे. घरांतलें भरलेलें पिस्तूल चोराला ठाऊक नसतें. मुलांना तें बहुधा ठाऊक असतें.

तिसरी अडचण जाडीची होती. रिव्हॉल्व्हरचा गोल पंचपात्रासारखा भाग खिशांत फुगून दिसे. ती अडचण अमेरिकेंतील यूटा प्रांताच्या जॉन ब्राउनिंगनें सोडविली. बाराच्या उलट धक्क्यानेंच पुढचें काडतूस नळींत भरावयाचें आणि काडतुसें मुठींत उभीं रचावयाचीं, अशी योजना असलेलीं त्याचीं पिस्तुलें बेल्जमच्या हेर्स्टाल येथील कारखान्यांत तयार होऊं लागलीं. १९०५-०६ च्या सुमाराचें त्याचें सर्वांत लहान पिस्तूल साडेचार इंच लांब व बत्तीस तोळ्यांच्या आंतबाहेर वजनाचें होतें. तें सिगारेटच्या डबीसारखें सपाट बसे. आज जगांत जीं लहान पिस्तुलें विकलीं जातात, त्यांतल्या बहुतेकांचा वंश ब्राउनिंगच्या या घराण्याशीं भिडतो.

आतां कायद्याकडे वळूं. लपवून शस्त्र बाळगणें गुन्हा ठरविणारे कायदे अमेरिकेंत १८१३ सालींच केंटकी व लुइझियाना या राज्यांनीं केले. केंटकीच्या न्यायाधीशांनीं १८२२ सालीं तो कायदा घटनाबाह्य ठरविला, तेव्हां लोकांनीं १८५० सालीं घटनेंतच दुरुस्ती केली. जॉर्जियाच्या श्रेष्ठ न्यायालयानें १८४६ सालीं असा निवाडा दिला कीं, लपविलेल्या शस्त्रास बंदी करतां येईल, परंतु उघड बाळगलेल्या शस्त्रास करतां येणार नाहीं. त्या काळचा समज असा होता कीं, सरळ मनुष्य आपलें शस्त्र उघड वागवितो. जो लपवितो त्याच्या मनांत कांहीं काळेंबेरें असतें. टूमस्टोन या खाणींच्या गांवानें तर १८८१ सालीं गांवांत येणाऱ्यानें शस्त्रें जमा करावींत असाच नियम केला. त्याच वर्षीं २६ ऑक्टोबरला त्या नियमाच्या अंमलबजावणींतून झालेल्या चकमकींत अर्ध्या मिनिटांत तीन माणसें पडलीं. १९११ सालीं न्यू यॉर्कनें लपवितां येण्याजोग्या शस्त्रास परवाना आवश्यक केला.

पुढें वारें फिरलें. फ्लॉरिडानें १९८७ सालीं, ठराविक अटी पुऱ्या करणाऱ्यास परवाना नाकारूं नये, असा कायदा केला, आणि अनेक राज्यांनीं तोच कित्ता गिरविला. विशेष गरज सिद्ध करा, ही न्यू यॉर्कची अट २०२२ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें रद्द केली. आज निम्म्याहून अधिक राज्यांत परवान्यावांचूनही पिस्तूल लपवून बाळगतां येतें. आतां पुष्कळांना कमरेस उघडें पिस्तूल लटकविणारा उर्मट वाटतो आणि लपविणारा सभ्य! शंभर दीडशें वर्षांत एकाच कृतीचा नैतिक अर्थ असा उलटा झाला.

पिस्तूल विकत घेणारे सारे मारेकरी असतात असें माझें म्हणणें मुळींच नाहीं. रात्रपाळीहून एकटी परतणारी स्त्री, पेढी बंद करून रोकड नेणारा सराफ, यांचें भय खरें असतें, आणि त्या भयानेंच या वस्तूचा बहुतेक खप झालेला आहे. बहुतेक पिस्तुलें जन्मभर खिशांत राहून गंजून जातात. परंतु कारखाना ज्या गुणांनीं भित्र्यास धीर देतो, तेच गुण घातकासही देतो. दोघांनाही तो एकाच किंमतीस विकतो.

६ सप्टेंबर १९०१ रोजीं बफलोच्या प्रदर्शनांत अध्यक्ष मॅकिन्ली लोकांशीं हस्तांदोलन करीत होते. पाहुण्यांचे हात रिकामे व उघडे असावेत, असा रक्षकांचा शिरस्ता होता. परंतु त्या दिवशीं फार उकाडा होता, घाम पुसण्यास ज्याच्या त्याच्या हातीं रुमाल होता, आणि शिरस्ता ढिला पडला. लिऑन चोल्गोश पुढें आला. त्याच्या उजव्या हातास दुखापत झाल्यासारखा रुमाल गुंडाळलेला होता. अध्यक्षांनीं हात पुढें केला. रुमालाखालीं साडेचार डॉलरांचें रिव्हॉल्व्हर होतें. आठ दिवसांनीं अध्यक्ष वारले.

आपल्याकडेही या शस्त्राचा इतिहास आहे. १८७८ च्या कायद्यानें हिंदी माणसास परवान्यावांचून हत्यार बाळगण्याची बंदी होती. यूरोपियनांस मात्र सूट होती. १९०९ सालीं लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुलें पेटीच्या चोरकप्प्यांतून हिंदुस्थानांत आलीं. त्यांतल्या एकानें २१ डिसेंबरच्या रात्रीं, नाशिकच्या विजयानंद नाटकगृहांत, 'शारदा' नाटकाच्या प्रयोगास आलेले कलेक्टर जॅक्सन यांस अनंत कान्हेरे यानें गोळ्या घातल्या. त्या तरुणाचें देशप्रेम आणि परक्या सत्तेचा अन्याय यांविषयीं आपल्या घरांतून पुष्कळ बोलणें झालेलें आहे. तें मी येथें पुन्हां काढीत नाहीं. मी फक्त एवढेंच दाखवितों कीं, एकपक्षी कायद्यानें शस्त्र थांबलें नाहीं, तें केवळ अधिक खोल लपलें.

शेवटची गोष्ट १९४८ सालची. २० जानेवारीस दिल्लींत गांधीजींच्या प्रार्थनासभेंत स्फोट झाला. त्यानंतर सभेस येणाऱ्यांची झडती घ्यावी, असें सरकारचें म्हणणें पडलें. गांधीजींनीं नकार दिला. प्रार्थनेस येणाऱ्याचे खिसे तपासावयाचे, ही कल्पनाच त्यांस मान्य नव्हती. ३० जानेवारीस पुण्याच्या नथुराम गोडसे यानें खिशांतून इटालियन बनावटीचें बेरेटा पिस्तूल काढून तीन गोळ्या झाडल्या.

त्या नकाराविषयीं मी पुष्कळ वेळां विचार केला आहे. व्यवहारदृष्ट्या तो चुकला असें कोणी म्हणेल, आणि त्यास उत्तर देणें सोपें नाहीं. परंतु गांधीजी ज्या गोष्टीचें रक्षण करीत होते ती आपल्या जिवाहून वेगळी होती. अनोळखी माणसांनीं एकत्र बसावें, जोडलेल्या हातांवर विश्वास ठेवावा, ती गोष्ट. खिशांतलें पिस्तूल सर्वांत प्रथम या विश्वासास जखमी करतें. एकानें शस्त्र लपविलें कीं सर्वांचे खिसे संशयास्पद होतात.

स्वतंत्र भारतांत १९५९ च्या कायद्यानें परवान्याचीच पद्धति ठेविली आहे. परवान्यासाठीं अर्ज करणारा लांबी, वजन आणि गोळीचा व्यास विचारतो, आणि त्याचें तें विचारणें योग्यच आहे. त्यानें आणखी एक प्रश्न स्वतःस विचारावा: माझ्यासमोर हात पुढें करणाऱ्यास माझ्या खिशाविषयीं काय ठाऊक आहे?

बूथचें तें पिस्तूल वॉशिंग्टनच्या फोर्ड नाटकगृहांत कांचेच्या पेटींत ठेवलेलें आहे. लांबी सारी सहा इंच. शाळेंतलीं मुलें येतात आणि तें पाहून जातात. जें कोणास दिसूं नये म्हणून घडविलें, तें आतां सर्वांस दिसतें. पण दिसावयास हवें होतें त्या रात्रीं मात्र तें कोणासच दिसलें नाहीं.