सा, ग, प, नी : देवगिरीच्या ग्रंथातील एक स्वरवाट

१/ युकुलेली किंवा मँडोलिन हाती घेतलेल्या नवशिक्याला लवकरच ‘अर्पेजिओ’ शिकावा लागतो. कॉर्डमधले स्वर एकदम न छेडता एकामागून एक वाजवायचे : सा, ग, प. हा शब्द इटालियन असून ‘आर्पा’ म्हणजे हार्प या वाद्यनामावरून आला आहे. मात्र मधला स्वर ओलांडून पुढच्या स्वरावर जाण्याची ही चाल मराठवाड्याच्या मातीला नवी नाही.

२/ आजचा जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून वेगळा झाला. तेराव्या शतकात हा सारा प्रदेश देवगिरीच्या यादवांच्या राज्यात होता. जालना शहरापासून देवगिरी सुमारे पाऊणशे किलोमीटरवर आहे.

३/ यादव राजा सिंघण (कारकीर्द सुमारे १२१० ते १२४७) याच्या पदरी शार्ङ्गदेव हा अधिकारी होता. त्याचे घराणे मूळचे काश्मीरचे. आजोबा भास्कर दक्षिणेत आले आणि वडील सोढल यादवांच्या सेवेत राहिले. राज्याचा हिशेब सांभाळणाऱ्या या माणसाने ‘संगीतरत्नाकर’ हा सात अध्यायांचा संस्कृत ग्रंथ रचला.

४/ त्यात ६३ अलंकार सांगितले आहेत. अलंकार म्हणजे स्वरांची नियमबद्ध रचना. आरोही वर्णाच्या १२ अलंकारांपैकी एकाचे नाव ‘अभ्युच्चय’. नियम सोपा आहे : एकाआड एक स्वर घेत वर चढायचे. सा, ग, प, नी. हाच क्रम उलटा केला की अवरोही रूप मिळते : नी, प, ग, सा.

५/ ग्रंथात हे अलंकार गानक्रियेच्या संदर्भात येतात. वाद्याध्यायात मात्र ‘लघ्वी किन्नरी’ ही छोटी वीणा भेटते. तिला १४ पडदे, म्हणजे दोन सप्तके. पडदे हाडाचे किंवा धातूचे, मेणाच्या मिश्रणाने बसवलेले. सात स्वरांना सात पडदे असलेल्या अशा दांडीवर अभ्युच्चय वाजवायचा तर बोटाला दर वेळी एक पडदा ओलांडावा लागतो. युकुलेलीवर हात एका तारेवरून दुसरीवर जातो. इथे बोट एकाच तारेवर उड्या घेत सरकते.

६/ ‘म्हणजे अर्पेजिओ मूळचा आमचाच!’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह इथे होतो. तो आवरावा. अर्पेजिओ ही उकललेली कॉर्ड असते. अनेक स्वर एकत्र वाजण्याची कल्पना तिच्या मुळाशी आहे. अभ्युच्चयामागे कॉर्ड नाही. तिथे स्वर एकामागून एकच येतात आणि त्यांचे नाते मूर्च्छनेच्या आरंभस्वराशी जुळते. ऐकायला सारख्या वाटणाऱ्या दोन गोष्टींचे उगम वेगळे असू शकतात. हा भेद पुसला, तर शार्ङ्गदेवाचे स्वतःचे काम काय होते हेच आपल्याला दिसणार नाही.

७/ ते काम होते मोजदादीचे. सात स्वर प्रत्येकी एकदाच घेतले तर त्यांचे ५०४० क्रम होतात. ते ओळीने मांडण्याची आणि कोणता क्रम कितवा हे काढण्याची ‘खंडमेरु’ रीत त्याने दिली. हिशेबनीसाला शोभेल असेच हे गणित. सा, ग, प, नी या चारच स्वरांचे २४ क्रम होतात. छोटे तंतुवाद्य शिकणाऱ्याने ते लिहून काढावेत आणि रोज एक घोटावा. महिनाभराचा रियाज तयार.

८/ किन्नरीचे पुढे काय झाले? ती पडद्यांची वीणा मागे पडली. नाथपंथी जोग्यांच्या हातातल्या ‘किंगरी’चे नाव मात्र किन्नरीवरूनच आले असे मानतात. किंगरी गजाने वाजते, तिला पडदे नसतात. नाव टिकले आणि वाद्य बदलले. अभ्युच्चयाचे उलट झाले. ते नाव आज क्वचितच कानावर पडते; पण सा ग, रे म, ग प हा पलटा घोकणारा प्रत्येक विद्यार्थी एक स्वर ओलांडण्याचा तोच धडा गिरवत असतो.