साडेतीनचा भोंगा

वाकून आत या. माळ्याची फळी खाली आहे आणि दिवा अजून लावलेला नाही. पहाटेचे साडेचार झालेत, जुलै 1978 चा पाऊस लालबागच्या कौलांवर पडतो आहे आणि चाळीतली ही 10 बाय 12 ची खोली आता तुमची आहे. कोपऱ्यात मोरी, मोरीच्या कठड्यावर पिंप, भिंतीला टेकवलेली पत्र्याची ट्रंक. चटईवर आठ वर्षांची मुलगी आणि तिच्या कुशीत तीन वर्षांचा मुलगा. दोरीवरचे कपडे तीन दिवस झाले तरी वाळलेले नाहीत. त्यांत लुगडं नाही. ते नाही हे दिसतं आणि आपण कोण आहोत ते कळतं.

तुम्ही गिरणीत साचे, म्हणजे कापड विणायचे माग, चालवता. नऊ वर्षं झाली, अजून बदलीच आहात. बायको गेल्या पावसाळ्यात काविळीने गेली.

आधी नळ. रांगेत सगळ्या बायका आणि तुम्ही एकटे पुरुष. पहिले काही महिने तुम्ही आलात की त्यांचं बोलणं थांबायचं. आता एकजण आपला हंडा मागे ओढते आणि म्हणते, "भाऊ, तुम्ही भरा आधी. तुमची सकाळपाळी." मग स्टो. पिन मारा, पंप मारा, भात चढवा. भाकरी तुमच्याने थापली जात नाही, ती खाणावळीतून येते. मुलीच्या दोन वेण्या मात्र आता जमतात. शेजारच्या मावशींनी शिकवल्या, आणि शिकताना तुमची बोटं साच्यावर तुटलेला धागा जोडतात तशीच चालली, याचं त्यांना फार नवल वाटलं होतं. लाल रिबिनीचं फूल एका बाजूला जरा कललेलं राहतं. मुलगी काही बोलत नाही, शाळेत जाताना स्वतःच नीट करते.

ट्रंकेत गावाहून आलेली पत्रं आहेत, साताऱ्याकडची. सगळ्यांत एकच मजकूर: "पोरं गावाला लावून दे. म्हातारी हाय अजून धडधाकट. न्हाईतर दुसरं लगीन कर." यात वाईट काही नाही. गिरणगावातल्या हजारो पुरुषांचं बिऱ्हाड म्हणजे गावकीचा गाळा. एका खोलीत वीस-तीस जण, एक पाळी कामावर गेली की दुसरी त्याच वळकटीवर झोपणार, जेवण खाणावळीत आणि बायकापोरं गावाला. मुलांच्या लेखी बाप म्हणजे महिन्याची मनीऑर्डर आणि जत्रेला येणारा, बिस्किटांचा पुडा आणणारा पाहुणा. त्या बापांचं प्रेम कमी होतं असं म्हणायची माझी छाती नाही. त्यांच्यापुढे दुसरी वाट कोणी ठेवलीच नव्हती. तुम्ही मात्र म्हातारीला उलट टपाली लिहिलंत, "पोरं माझ्यापाशी राहतील." आयुष्यातली पहिली रेघ तुम्ही आखलीत ती मालकापुढे आखली नाहीत. जिचा जीव तुमच्यावर आणि नातवंडांवर अडकला आहे त्या आईपुढे ती आखावी लागली, आणि अशी रेघ आखताना हात सगळ्यात जास्त थरथरतो.

धाकटा मावशींच्या ओट्यावर, मुलगी म्युनिसिपालिटीच्या शाळेत. तुम्ही सातच्या भोंग्याआधी गेटवर.

बदली म्हणजे काय ते गेटवर उभं राहिल्याशिवाय समजत नाही. रोज यायचं, हजेरीला थांबायचं. कायम कामगारांपैकी कोणाचा खाडा पडला तर त्याच्या साच्यावर तुम्ही. सगळे आले तर घरी परत, त्या दिवसाचा पैसा नाही. मुंबईच्या गिरण्यांत 1935 पासून बदली कामगारांची नोंद ठेवण्याची पद्धत आहे. तोवर कोणाला उभं करायचं हे जॉबरच्या, म्हणजे खात्यातल्या मुकादमाच्या मर्जीवर होतं. नोंद आली, पास आला, मर्जी काही सगळी गेली नाही. म्हणून बदली माणूस कशालाही नाही म्हणत नाही. रातपाळी? हो. भरपगारी रजा मिळायची तर कायद्याप्रमाणे वर्षात 240 दिवस भरावे लागतात, आणि तुमचे भरतील की नाही हे दुसऱ्यांच्या आजारपणांवर ठरतं.

आज नाव पुकारलं गेलं. साळखात्यात, विणकामाच्या खात्यात शिरा. खिडक्या बंद आणि हवेत मुद्दाम सोडलेला ओलावा, कारण हवा कोरडी झाली की सूत तुटतं. शेकडो साच्यांवर धोटे इकडून तिकडे आपटताहेत. या आवाजात शब्द पोचत नाही. माणसं हातवारे करून आणि ओठ वाचून बोलतात, आणि वर्षं गेली की इतकी सरावतात की चार साच्यांपलीकडच्याच्या तोंडातली शिवीही त्यांना कळते. पगार कापडावर आहे. नजर हलली, धागा तुटलेला दिसला नाही, तर कापडात खोट राहते आणि ती पगारात दिसते. त्यामुळे धाकट्याला सकाळी कणकण होती का, हा विचार तुम्ही करायचा नाही. तुम्ही तो करता.

गिरणीला पाळणाघर आहे. वाइंडिंग खात्याच्या मागे, पिवळ्या भिंतींची एक खोली, आत दोऱ्यांच्या झोळ्या. 1948 च्या कारखाने अधिनियमातलं कलम 48 तेच सांगतं. आधी 50 हून जास्त बाया कामाला असतील तिथे पाळणाघर लागायचं, 1976 च्या दुरुस्तीने तो आकडा 30 वर आला. बायको गेल्यावर महिन्याभराने, मावशी गावी गेल्या होत्या तेव्हा, तुम्ही धाकट्याला खांद्यावर घेऊन त्या दारात उभे राहिला होतात.

आयाने वही उघडली. "आई कुठल्या खात्यात?"

"आई न्हाई."

"मग?"

"मी हाय. साळखात्यात."

तिने बराच वेळ वहीकडे पाहिलं. रकाना आईच्या नावाचा होता. कायद्यातले शब्दही तसेच आहेत: त्या स्त्रियांच्या सहा वर्षांखालच्या मुलांसाठी. "न्हाई घेता येत, दादा. हितं बायांची पोरं." तिने धाकट्याच्या हातात बिस्किट दिलं आणि दार लावून घेतलं नाही, तुम्ही वळून निघेपर्यंत ते तसंच उघडं ठेवलं. ही बाई दुष्ट नव्हती, हे सांगणं मला फार गरजेचं वाटतं. ज्यांनी कलम लिहिलं तेही नव्हते. कामावरच्या आईसाठी ते मोठंच पाऊल होतं, बायांना रातपाळी बंद करणारं कलम होतं तसंच. मूल घेऊन गिरणीच्या दारात बाप येईल, हे कोणाच्या मनातच आलं नव्हतं.

ईएसआयचं, कामगारांच्या सरकारी विम्याचंही तेच. आजारपणाचा भत्ता मिळतो तो कामगार स्वतः आजारी पडला तर. मूल तापाने फणफणलं म्हणून बाप घरी राहिला, याला चिठ्ठी नाही. म्हणून तुम्ही खोटं बोलायला शिकलात. पोटात दुखतंय. चक्कर येतेय. वर्षभरात तुम्ही सहा वेळा आजारी पडलात आणि त्यातल्या एकाही दिवशी अंथरुणाला पाठ टेकली नाही. खोट्याने दिवस निभावतो. पण गिरणीच्या दप्तरात तुम्ही एक तब्येतीने कच्चा माणूस म्हणून उतरता, आणि कच्च्या माणसाला कायम कोण करणार?

तीन वाजून वीस मिनिटं. जॉबर साच्यांच्या मधल्या गल्लीतून येतो, तुमच्यापुढे थांबतो, दोन बोटं वर करतो. दुसऱ्या पाळीचा माणूस आलेला नाही. डबल मारायची. सात ते साडेतीन झाली, आता साडेतीन ते रात्री बारा. कायद्यात बसत नाही, पण होतं.

आज मावशींकडे पाहुणे आहेत. मुलगी साडेतीननंतर धाकट्याला घेऊन खोलीत असणार, आणि ती स्टो पेटवायला बघेल. गेल्या आठवड्यात तिने तो पेटवला होता. तुम्हाला भिंतीवरच्या काजळीवरून कळलं.

पोटात दुखतंय, असं म्हणायला तुमची जीभ तयार आहे. हातही पोटाकडे गेला आहे. मग तो खाली येतो. तुम्ही म्हणता, "पोरगी एकटी हाय."

जॉबर कान पुढे करतो. त्याला ऐकू आलेलं नाही.

आता तुम्हाला ओरडावं लागतं. ओठ पूर्ण उघडून, एकेक अक्षर तोडून: "पोरगी एकटी हाय घरी! आई न्हाई तिला! मी डबल करणार न्हाई!"

आवाज साच्यांत बुडतो. पण समोरच्या ओळीतले, मागचे, पलीकडचे, सगळे तुमच्या तोंडाकडे बघत असतात. सगळ्यांनी वाचलं. जॉबर क्षणभर उभा राहतो, मान हलवतो, पुढे जातो.

मग भोंगा. एका गिरणीचा होतो न होतो तोच दुसरीचा, तिसरीचा. पन्नासच्या वर गिरण्या आणि सुमारे अडीच लाख माणसांच्या या मुलुखात वेळ हवेतून येते. केसांत रुई घेऊन तुम्ही बाहेर पडता. आणि आजच्या काळातून आलेल्या तुम्हाला इथे हेवा वाटेल, तो मलाही वाटतो: साचा घरी येत नाही. चाळीत कोणाच्या खिशात जॉबर नसतो. साडेतीननंतर तुम्ही फक्त त्या दोघांचे. पण तो भोंगा मालकाचा आहे, त्याने सकाळी आत ओढलं म्हणून तो दुपारी सोडतो. उद्या रातपाळी आली तर हाच भोंगा मध्यरात्री तुम्हाला झोपलेल्या मुलांपासून उठवून नेईल.

आणि साडेतीनपर्यंत मुलं सांभाळली कोणी? मावशींनी. भाकऱ्या खाणावळवालीच्या, जी स्वतः पहाटे चारपासून पंधरा-वीस जेवणाऱ्यांचं रांधते. अशाच खाणावळवाल्या बायांना एकत्र आणून प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, म्हणून या बायांचं राबणं निदान काम म्हणून मोजलं जाऊ लागलं. मावशींचं कोणी मोजत नाही. तुम्ही मोजता. त्यांच्या रॉकेलच्या रांगेत तुम्ही उभे राहता, रेशनचं पोतं तुम्ही वर चढवता, आणि आठवड्याच्या सुटीला त्यांच्याकडे धाकटा सोडत नाही, कोणी कितीही म्हटलं तरी. त्या बाईच्या दिवसालाही एक शेवट असला पाहिजे, हे तुम्हाला समजलं ते भोंग्यामुळेच.

पुढचे तीन दिवस गेटवर तुमचं नाव पुकारलं जात नाही. तिसऱ्या दिवशी खाणावळीची उधारी वाढते. सत्य बोलल्याची किंमत असते, आणि हातावर पोट असलेल्याला ती भरायला सांगताना मला संकोच वाटतो. चौथ्या दिवशी नाव येतं. साच्यावर उभे राहता तेव्हा समोरच्या ओळीतला एक कायम कामगार, ज्याच्याशी तुमचं कधी बोलणं नाही, तुमच्याकडे बघून ओठ हलवतो: "पोरगी कशी हाय?" आणि मग स्वतःकडे बोट दाखवून: "माझी बायको अंथरुणाला. दोन वर्षं." त्याने हे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. जॉबर पुन्हा डबलचं विचारत नाही. कायमही करत नाही. साडेतीन वर्षांनी, 18 जानेवारी 1982 ला संप सुरू होतो आणि मुंबईतल्या गिरण्या बंद पडतात. बदलीवाल्यांना कायम करा, हीही त्या संपातली एक मागणी असते. भोंगे नंतर पहिल्यासारखे वाजले नाहीत.

वाकून बाहेर या. डोकं सांभाळा.

आता रात्रीचे पावणेनऊ. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, शेजारी ताट. बाहेर बरंच बदललं आहे. 2017 पासून 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर लागतं आणि मोजताना बाई-पुरुष सगळे धरतात. मात्र दिवसातून चार वेळा तिथे जाऊन येण्याची मुभा कायद्याने दिली आहे ती स्त्रीला. 2018 मध्ये केंद्र सरकारने आपल्या नोकरीतल्या एकट्या वडिलांनाही, मग ते विधुर असोत, घटस्फोटित असोत की अविवाहित, नोकरीच्या सगळ्या काळात मिळून 730 दिवसांची बालसंगोपन रजा खुली केली. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांना 180 दिवस दिले, त्यात पत्नी हयात नसलेले किंवा तिला असाध्य आजार असलेले पुरुषही आले. वहीत बापाचा रकाना आला, सरकारी नोकराला तरी. तुमची कंपनी खाजगी आहे.

फोनवर निरोप येतो: "दहा मिनिटं कॉलवर येता का? अर्जंट आहे." दोन बोटं वर.

तुमची बोटं सवयीने लिहितात: "नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे." गेल्या महिन्यात हेच लिहिलं होतं. त्याआधी डोकं दुखत होतं.

तुम्ही ते पुसता. लिहिता: "मुलगी जेवायची थांबली आहे. घरी मी एकटाच असतो. सात ते नऊ मला कॉल जमणार नाही, आज नाही आणि रोजच नाही. सकाळी साडेनऊला बोलू." ग्रुपमध्ये अकरा जण आहेत. सगळे वाचतील. पाठवता.

दोन खुणा निळ्या होतात. समोरून कोणी लिहायला लागतं, थांबतं, पुन्हा लिहायला लागतं.

"बाबा, वरण गार झालं."

तुम्ही उठून गॅस लावता.