एल्मच्या फांदीतलं तपकिरी कडं

पहिलं महायुद्ध संपता संपता नेदरलँड्समधले एल्म वाळू लागले. समुद्रावरच्या खाऱ्या वाऱ्याला दाद न देणारं झाड म्हणून डच लोकांनी ते कालव्यांच्या काठाने आणि रस्त्यांच्या दुतर्फा हौसेने लावलं होतं. आता ऐन उन्हाळ्यात शेंड्याकडची एखादी फांदी मान टाकायची. तिची पानं पिवळी पडून वळायची आणि शेजारच्या फांद्या मात्र हिरव्यागार असायच्या. काही झाडं त्याच हंगामात उभी वाळली, काही दोन-तीन वर्षं रेंगाळली.

तर्कांना तोटा नव्हता. कुणी अवर्षणाला दोष दिला, कुणी जमिनीतल्या पाण्याला. युद्धात वापरलेल्या विषारी वायूंचा हा परिणाम आहे, असंही बोललं जाई.

वाखेनिंगनच्या सरकारी पीकसंरक्षण खात्यात डिना स्पिरेनबर्ग यांच्या टेबलावर १९१९ पासून अशा झाडांचे नमुने येऊ लागले. फांदी आडवी कापली, की सालीखालच्या ताज्या लाकडात तपकिरी ठिपक्यांचं कडं दिसायचं. साल सोलली, तर तेच ठिपके उभ्या रेघा होऊन लाकडाच्या लांबीभर उतरलेले असायचे. नुसत्या तहानेने सुकलेल्या फांदीत अशा रेघा उमटत नाहीत. १९२१ मध्ये स्पिरेनबर्ग यांनी हा अनोळखी रोग म्हणून नोंदवला. कारण सापडलं नव्हतं, पण ओळखायची खूण हाती आली होती.

कारणाचा शोध बार्नच्या प्रयोगशाळेत लागला. तिच्या प्रमुख योहाना वेस्टरडाइक १९१७ मध्ये नेदरलँड्समधल्या पहिल्या महिला प्राध्यापक झाल्या होत्या. त्यांची विद्यार्थिनी बेआ श्वार्त्स हिने रोगट लाकडातून एक बुरशी वेगळी काढली आणि १९२२ च्या आपल्या प्रबंधात तिला गुन्हेगार ठरवलं. अनेक शास्त्रज्ञांना ते पटलं नाही. आक्षेप अगदीच निराधारही नव्हता. मेलेल्या फांदीवर नाना बुरशा वाढतात. त्यातली रोग आणणारी कोणती आणि आयत्या बिळावर नागोबा झालेली कोणती, हे नुसतं बघून सांगता येत नाही. त्यासाठी ती बुरशी निरोगी झाडात घालायची, तीच लक्षणं उमटतात का ते पाहायचं आणि त्या झाडातून तीच बुरशी पुन्हा काढून दाखवायची.

हे काम १९२७ च्या सुमारास क्रिस्टीन बाउसमन या डच संशोधिकेने निर्विवादपणे केलं. यात हंगामाला फार महत्त्व होतं. वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला एल्म नव्या, रुंद जलवाहिन्या तयार करतो. तेव्हा आत शिरलेली बुरशी पाण्याच्या प्रवाहाबरोबर झपाट्याने पसरते. उशिरा टोचली तर झाड फारसं काही दाखवत नाही. तपकिरी रेघांचा उलगडाही इथेच होतो. बुरशीला अडवायला झाड आपल्याच वाहिन्या डिंकाने आणि फुगवट्यांनी बुजवून टाकतं. मग पाणी वर चढत नाही आणि मुळाशी ओल असूनही शेंडा सुकतो.

बुरशी एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेणारे निघाले सालीतले भुंगेरे. मरू घातलेल्या एल्मची साल उचकटली, की आतल्या बाजूला त्यांची नक्षी दिसते. मधोमध मादीने कोरलेला एक बोगदा आणि त्याच्या दोन्ही अंगांना अळ्यांनी पोखरलेल्या बारीक वाटा. तिथून निघालेला तरुण भुंगेरा अंगावर बीजाणू घेऊन निरोगी झाडाकडे उडतो आणि कोवळ्या फांद्यांच्या बेचक्यात साल कुरतडतो. तेवढी जखम बुरशीला पुरते.

१९३० मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात वाळलेल्या एल्मचा रोग बाउसमननेच ओळखला. तो तिथे गेला होता युरोपातून फर्निचरसाठी आणलेल्या लाकडांतून. अमेरिकेत एल्मला मारणारा आणखी एक रोग होता, ‘एल्म यलोज’. त्यात एका फांदीऐवजी बहुधा सगळा पर्णसंभार एकदम पिवळा पडतो. खात्रीसाठी आतली साल सोलायची. ती पिवळट तपकिरी झालेली असते आणि तिला विंटरग्रीनचा, म्हणजे सांधे चोळायच्या मलमात असतो तसा वास येतो. बुरशीच्या रोगात हा वास नसतो.

बाउसमन १९३६ मध्ये, वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी वारली. पुढच्या वर्षी रोगाला तोंड देणारा एक एल्म तिच्या नावाने बाजारात आला. पुढे बेआ श्वार्त्सच्या नावाचाही वाण निघाला. पण १९६० च्या दशकाच्या अखेरीस उत्तर अमेरिकेतून आलेल्या लाकडांबरोबर याच बुरशीची जास्त जहाल बहीण ब्रिटनमध्ये पोचली आणि तिथले अडीच कोटींहून अधिक एल्म गेले.

डच संशोधक तोवर हिमालयाकडे वळले होते. काश्मीर आणि हिमाचलच्या डोंगरांतला एल्म या रोगाला बराच पुरून उरतो. त्याचं रक्त १९७३ मध्ये आलेल्या ‘लोबेल’ या डच वाणात आहे आणि ‘बेआ श्वार्त्स’ हा वाणही त्याच्या पूर्वजांत आहे. १९९५ मध्ये हिमालयातही याच कुळातली एक स्वतंत्र बुरशी असल्याचं प्रसिद्ध झालं. तिथे मात्र एल्मच्या रोगाची साथ पसरलेली नव्हती. त्या डोंगरांतल्या एल्मना जास्त जाच होतो तो गुराढोरांच्या चाऱ्यासाठी वरचेवर पाला ओरबाडला जाण्याचा.