दुरुस्ती की बदली?

आजच्या ग्रँड पियानोची यंत्रणा एरार कंपनीच्या १८२१ च्या पेटंटवरून विकसित झाली. तिचे सुटे भाग विकत मिळतात. जुना व्हिएन्नी पियानो मात्र वेगळा. त्याची चामड्याने मढवलेली हातोडी थेट पट्टीवरच बसवलेली असते. १७७७ मध्ये मोत्झार्टने वडिलांना लिहिलेल्या पत्रात ऑग्सबर्गच्या श्टाइन यांच्या अशाच पियानोंचे कौतुक केले होते.

हातोडीला धरणारा इवलासा चिमटा तुटला, तर कारागिराला तो जुन्यावरून हाताने घडवावा लागतो. सोयीसाठी सगळी यंत्रणाच बदलली, तर पियानो वाजतो. पण त्याचा मूळचा हलका स्पर्श जातो. जुन्या मशिदीच्या दगडी भिंतींवर आपण चकचकीत टाइल्स बसवतो, तेव्हाही हेच होते. तुटले तेवढेच सांधावे.