जयपूरची आगगाडी आणि जयपूरची हवा

जयपूरचा इतिहास लिहिणारे बहुधा सवाई जयसिंगापासून आरंभ करतात, आणि ते योग्यच आहे. 1727 साली विद्याधराच्या साहाय्याने वसविलेल्या ह्या नगरीचे राजमार्ग शंभर फुटांहून अधिक रुंद आखले गेले; त्यांवरून हत्ती, रथ आणि उंट जावयाचे होते. परंतु नगर केवळ रस्त्यांनी बनत नाही. त्या रस्त्यांवरून लोक कशात बसून येतात-जातात ह्यानेही ते बनते. ह्या दुसऱ्या इतिहासाकडे आम्हा वाचकांचे लक्ष क्वचितच वळते.

आगगाडी जयपुरास आली ती 1874 च्या सुमारास. राजपुतान्यातील ह्या मीटरगेजच्या आखणीत सांभरचे मीठ आणि इंग्रज सरकारची सोय अग्रभागी होती. रयतेचा विचार मागाहून. जयपूर दरबाराने स्वतःच्या खजिन्यातून बांधविलेल्या लोहमार्गांची गोष्ट मात्र निराळी. माधोसिंग दुसरे ह्यांच्या कारकीर्दीत, 1907 पर्यंत, सवाई माधोपूरचा मार्ग पुरा झाला. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळापासून शेखावाटीच्या वाळूतून पलसाना, सीकर, झुंझुनू अशी गाडी टप्प्याटप्प्याने सरकत गेली. तिला वेग नव्हता, थाटही नव्हता. पण परीक्षेला निघालेला विद्यार्थी, कज्जासाठी राजधानीस येणारा शेतकरी, मुंबई-कलकत्त्याच्या पेढीवर परतणारा गुमास्ता, हे सारे एकाच डब्यात बसत. राजधानी आणि मुलूख ह्यांचे नाते त्या डब्यात घडले. 1951 साली ही संस्थानी रेल्वे पश्चिम रेल्वेत विलीन झाली.

रूळ जेथे पोहोचले नव्हते तेथे मोटार गेली. आमच्या महाराष्ट्रात 1 जून 1948 रोजी पुणे-नगर मार्गावर पहिली एस. टी. धावली, राजस्थानचे परिवहन निगम, म्हणजे लोकांच्या तोंडचे 'रोडवेज', 1 ऑक्टोबर 1964 रोजी अस्तित्वात आले. दोहोंच्या मुळाशी एकच हिशेब होता : भरलेल्या मार्गाच्या मिळकतीवर रिकाम्या मार्गाची गाडी चालवावयाची. जयपूर-दिल्लीच्या उतारूने दिलेल्या पैशांतून वाळूतल्या एखाद्या ढाणीलाही दिवसातून एक फेरी मिळावी. खाजगी गाड्यांनी भरलेले मार्ग वाटून घ्यावयास आरंभ केला, आणि 2015 साली 'लोक परिवहन' ह्या नावाखाली त्यांना रीतसर वाट मिळाली, तेव्हा ह्या हिशेबाचा पायाच ढासळला. तोटा वाढला, नव्या गाड्या येईनात, जुन्या मोडीत निघाल्या, आणि फेऱ्या प्रथम तुटल्या त्या खेड्यांच्या.

रेल्वेची हकीकत ह्याहून चमत्कारिक आहे. सारे रूळ एकाच मापाचे करण्याची योजना 1992 पासून देशभर सुरू झाली, आणि ती गैर होती असे आम्ही म्हणणार नाही. छोट्या रुळांवर उतारूंचे हालही होतच असत. तथापि जयपूर-सीकर मार्ग त्यासाठी 2016 साली बंद झाला, आणि जयपूर-रींगस दरम्यान मोठ्या रुळावरून गाडी धावू लागली ती 2019 साली. सुमारे तीन वर्षांचा हा खंड आम्हास फार महत्त्वाचा वाटतो. माणूस गाडीची वाट तासभर पाहतो, वर्षे पाहत नाही. ज्याला जमले त्याने हप्त्याने मोटारसायकल घेतली, उरलेले जीपमध्ये दाटीवाटीने बसू लागले. गाडी परत आली तेव्हा दारात उभी असलेली मोटारसायकल कोण विकणार?

येथे एक विषयांतर. सीकरजवळच्या काशी का बास ह्या खेड्यात 1889 साली जन्मलेले जमनालाल बजाज वर्ध्यास दत्तक गेले आणि आमचेच झाले. त्यांच्या पश्चात त्यांच्या घराण्याच्या आकुर्डीच्या कारखान्यात तयार झालेल्या स्कूटर जयपूरच्या गल्ल्यांत धावल्या. शेखावाटीचे हे ऋण महाराष्ट्राने असे फेडले म्हणावे काय!

आता हवेचा हिशेब. लिटरमागे चार-पाच किलोमीटर जाणारी बस पन्नास माणसे नेते, म्हणजे एका लिटरात दोनशे-अडीचशे माणसांचा किलोमीटरभर प्रवास होतो. लिटरला पन्नास किलोमीटर जाणारी मोटारसायकल एकट्याला घेऊन फक्त पन्नास साधते. एकट्याची मोटार जेमतेम पंधरा. रिकाम्या बसचे गणित अर्थात उलटे, म्हणून बस भरलेली असणे हेच सारे. त्यातून ही भूमी कोरडी. धुरापेक्षाही चाकांनी उडविलेली बारीक धूळ येथे छातीत भरते. चाके वाढली की धूळ वाढते.

2019 हे साल ह्या दृष्टीने विलक्षण ठरले. जानेवारीत केंद्र सरकारने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला आणि हवेची मर्यादा ओलांडणाऱ्या शहरांच्या यादीत जयपूरचे नाव होते. जुलैत 'युनेस्को'ने जयसिंगाच्या ह्याच नगरीस जागतिक वारशाचा मान दिला. आणि त्याच वर्षी रींगसची गाडी परतली. रंगविलेल्या भिंतींवर धुळीचे थर बसत होते आणि पर्यटक त्यांची छायाचित्रे घेत होते.

शहराच्या पोटात मेट्रो 2015 पासून आहे, 2020 पासून ती बडी चौपडपर्यंत जाते. पण तिचा पल्ला अजून आखूड, आणि खेड्यातून येणाऱ्याला तिचा उपयोग थोडा. शेखावाटीकडे जाणाऱ्या सीकर रस्त्यावर केवळ बसगाड्यांसाठी एक मार्गिका राखून ठेवली होती. तिच्यावर पुरेशा बसगाड्या कधी आल्याच नाहीत. मार्गिकेमुळे वाहतूक अडते अशी तक्रार वाढत गेली, आणि 2025 साली ती उखडावयास घेतली.