चुन्यानेच चुना काढणारे क्लार्क

विहिरीच्या पाण्यात डाळ शिजेना, साबणाला फेस येईना, की आपण पाणी 'जड' आहे म्हणतो. पण किती जड? ते मोजण्याची सोपी रीत अ‍ॅबरडीनच्या मॅरिशल कॉलेजातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक थॉमस क्लार्क (१८०१–१८६७) यांनी दिली.

त्यांचे साधन होते साबण. साबणाचे ठरावीक तीव्रतेचे द्रावण पाण्यात थोडेथोडे घालून हलवायचे. फेस पाच मिनिटे टिकला की थांबायचे. पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम आधी साबणाचा साका करतात, मगच फेस येतो. म्हणजे धुण्यात वाया जाणारा साबणच मोजला गेला! गॅलनमध्ये एक ग्रेन चुनखडी, म्हणजे लिटरमागे सुमारे १४ मिलिग्रॅम, हा झाला एक 'क्लार्क अंश'.

१८४१ मध्ये त्यांनी उपायाचे पेटंट घेतले: पाण्यात चुना घालायचा! हे उफराटे वाटते. पण खडूच्या खडकांतून येणाऱ्या पाण्यात चुनखडी बायकार्बोनेटच्या रूपात विरघळलेली असते. चुन्याशी तिची क्रिया होऊन दोघांचीही न विरघळणारी चुनखडी बनते व तळाशी बसते. पाणी उकळूनही ती खाली बसते, पण जळण लागते. सल्फेटमुळे आलेला जडपणा मात्र दोन्हींनी जात नाही. त्याला धुण्याचा सोडाच हवा.

चुना जास्त पडला तर तोच पाण्यात उरतो. म्हणून आधी मोजमाप, मग उपाय. गावातल्या दोन विहिरींचे पाणी आणून वर्गात हे मोजून पाहता येईल.